ब्लोअरला बसवलेला फ्लो मीटर: गोडी छाटणी ते काढणी

निफाड तालुक्यात आमची चार एकर थॉमसन द्राक्षाची बाग आहे आणि फवारणीसाठी 600 लिटर टाकीचा, दहा नोझलचा ट्रॅक्टरचलित ब्लोअर, म्हणजे पंख्याच्या हवेने औषध वेलीवर उडवणारा पंप आहे. गेल्या सप्टेंबरअखेर, गोडी छाटणीला (फळांसाठीच्या छाटणीला) हात घालण्यापूर्वी, या ब्लोअरवर टर्बाइन प्रकारचा फ्लो मीटर, म्हणजे आतल्या पात्याच्या फिरण्यावरून पाण्याचा प्रवाह मोजणारा मीटर, बसवून घेतला. मार्चमध्ये काढणी उरकली, म्हणजे एक पूर्ण हंगाम तो औषधाच्या पाण्यात राहिला. घेताना मला वाटले होते की मीटर बसला की मोजणीची कटकट संपेल. प्रत्यक्षात मोजणी संपली नाही, फक्त ती कधी आणि कशासाठी करायची हे नीट कळू लागले.

मीटर घेण्यामागचे कारण साधे होते. टाकीवरच्या लिटरच्या खुणा ट्रॅक्टर सपाटीवर उभा असेल तरच खऱ्या असतात आणि आमच्या बागेतला भरण्याचा ओटा किंचित उताराचा आहे. शिवाय एकरी किती पाणी गेले हे टाकी संपल्यावरच समजत असे. तोपर्यंत चूक होऊन गेलेली असायची. निर्यातीची द्राक्षे करणाऱ्यांना या चुकीची किंमत सांगायला नको. 2010 साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे आपली द्राक्षे युरोपात अडकली, तेव्हापासून कोणते औषध, किती मात्रेत आणि काढणीपूर्वी किती दिवस, याचा हिशेब प्रत्येक बागायतदार वहीत ठेवतो. त्या वहीतला एकरी पाण्याचा आकडा मात्र बहुतेकांचा अंदाजाचाच असतो, माझाही होता.

आमच्या ओळी नऊ फुटांवर आहेत आणि ट्रॅक्टर ताशी साडेचार किलोमीटरने चालतो. पूर्ण पानोळ्यात, म्हणजे वेली पानांनी भरलेल्या असताना, एकरी 400 लिटर पाणी द्यायचे असेल, तर या वेगाला सगळ्या नोझलमधून मिळून मिनिटाला सुमारे 20 लिटर प्रवाह लागतो. हा आकडा चालकासमोर डिस्प्लेवर सतत दिसणे, हाच मीटरचा खरा उपयोग. एखादे नोझल तुंबले की आकडा पावणेदोन-दोन लिटरने खाली येतो आणि ओळ संपायच्या आत लक्षात येते. पूर्वी हे दुसऱ्या दिवशी कोरड्या राहिलेल्या घडांवरून समजायचे.

बसवण्याच्या बाबतीत पहिलीच चूक झाली. फिटरने मीटर पंपाच्या लगेच पुढे, म्हणजे दाब ठरवणाऱ्या प्रेशर रेग्युलेटरच्या आधी बसवला. तिथे पंपाचा संपूर्ण प्रवाह जातो आणि त्यातला बराचसा भाग बायपासने (परतीच्या नळीने) टाकीत परत येतो; त्यामुळे डिस्प्ले मिनिटाला 50 लिटरच्या पुढचे आकडे दाखवू लागला. मीटर रेग्युलेटरच्या पुढे, नोझलकडे जाणाऱ्या नळीतच हवा. त्याच्या आधी नळीच्या व्यासाच्या दहापट आणि नंतर पाचपट लांबीचा सरळ पाइप ठेवावा लागतो, कारण कोपऱ्यातून वळून आलेले पाणी भोवऱ्यासारखे फिरत येते आणि पाते खोटे फिरवते. आम्हाला त्यासाठी नळीचा मार्ग बदलून एक पट्टी नव्याने वेल्ड करावी लागली. त्या दिवशी चिडचिड झाली, पण ते काम टाळले असते तर पुढचे सगळे कॅलिब्रेशन व्यर्थ गेले असते.

आता कॅलिब्रेशनविषयी. मीटरच्या आतले पाते फिरते, त्यातला चुंबक सेन्सरसमोरून गेला की एक पल्स, म्हणजे विजेचा ठोका, मिळतो आणि डिस्प्ले त्या पल्सना ‘एका लिटरला इतके पल्स’ या फॅक्टरने भागतो. आमच्या मीटरवर कारखान्याने 300 हा फॅक्टर दिला होता. आम्ही ड्रम आणि पॅकिंगच्या शेडमधला इलेक्ट्रॉनिक काटा घेतला, नोझलकडे जाणारी नळी सोडून तिच्या टोकाला बॉल व्हॉल्व्ह लावला आणि प्रवाह 20 लिटरवर आणला, कारण नळी मोकळी सोडली तर पाणी नेहमीपेक्षा खूप जास्त वेगाने येते आणि चाचणी फवारणीच्या स्थितीत होतच नाही. पाच मिनिटे साधे पाणी ड्रममध्ये सोडले. काट्यावर ड्रमचे वजन वजा जाता 99.6 किलो भरले. दुपारचे पाणी कोमट असल्याने एक लिटर सुमारे 996 ग्रॅम, म्हणजे बरोबर 100 लिटर. मीटरने मात्र 96 लिटर दाखवले. 300 ला 96 ने गुणून 100 ने भागले की 288 येतात, तोच नवा फॅक्टर. हीच कृती तीनदा केली. तिन्ही वेळचा फरक अर्ध्या टक्क्याच्या आत होता, म्हणून विश्वास ठेवला. एकदाच मोजून फॅक्टर बदलणाऱ्यांचा मला आता थोडा राग येतो, कारण पहिल्या खेपेला नळीत हमखास हवा असते.

मात्र फॅक्टर बसवला म्हणजे सगळ्या प्रवाहांना तो लागू पडला असे नाही. पोंगा अवस्थेत, म्हणजे छाटणीनंतर डोळे नुकतेच फुटत असताना, चारच नोझल उघडी ठेवून मिनिटाला आठ लिटरने फवारले, तेव्हा डिस्प्ले 7.4 दाखवत होता. कमी प्रवाहात पात्याला बेअरिंगचे घर्षण तुलनेने जास्त जाणवते आणि ते मागे पडते. त्यामुळे सुरुवातीच्या फवारण्यांसाठी वेगळा फॅक्टर काढून वहीत लिहिला आणि छाटणीनंतरचे पहिले काही आठवडे तोच वापरला.

हंगामातली सर्वांत महागात पडलेली चूक डाऊनी या बुरशीजन्य रोगासाठी केलेल्या अर्धा टक्का बोर्डोच्या (मोरचूद आणि चुन्याच्या मिश्रणाच्या) फवारणीनंतर झाली. संध्याकाळी उशीर झाला म्हणून टाकी धुतली, पण स्वच्छ पाणी नळीतून आणि मीटरमधून फिरवले नाही. चार दिवसांनी पुढची फवारणी सुरू केली, तर नोझल नेहमीसारखी चालत असताना डिस्प्ले 17.5 दाखवू लागला. ट्रॅक्टर चालवणाऱ्या माझ्या चुलत भावाने, मीटर खरा मानून, दाब 10 बारवरून 13 बारपर्यंत वाढवला आणि आकडा 20 वर आणला. प्रत्यक्षात त्या वेळी मिनिटाला जवळपास 23 लिटर जात होते. दीड एकराला भरलेली टाकी साडेसात गुंठे बाकी असतानाच संपली. तेव्हा मीटर उघडला. पात्याच्या कडांवर पांढुरका, खरखरीत चुन्याचा थर बसला होता आणि आसाच्या टोकाशी तांब्याची निळसर झाक आली होती. बोटाने ढकलले तर पाते अर्धा फेरा फिरून थांबत होते, एरवी ते फुंकरीनेही गरगर फिरायला हवे. (फुंकर तोंडाने मारू नये. औषध लागलेला कोणताही भाग तोंडाजवळ नेणे धोक्याचे आहे.) पाते साध्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास ठेवले, मऊ ब्रशने घासले, पाण्याने धुतले, मीटर पुन्हा 288 वर बरोबर आला. म्हणजे मीटर बिघडला नव्हता, आम्हीच त्याला चुना खाऊ घातला होता. त्या दिवशी दाब वाढवण्याऐवजी एक नोझल मोजपात्रात धरले असते, तरी दोन मिनिटांत उत्तर मिळाले असते. मीटर आणि दाब यांचे आकडे जुळत नसतील तर कशालाही हात न लावता आधी मोजपात्र घ्यायचे, हा आमच्याकडचा नियम तेव्हापासून झाला.

तेव्हापासून फवारणी संपताच, औषध वाळायच्या आत, टाकीत 40-50 लिटर स्वच्छ पाणी घेऊन ते शेवटच्या ओळीवरच फवारले जाते. त्यामुळे धुवण विहिरीजवळ किंवा ओढ्यात जात नाही आणि नळीबरोबर मीटरही धुतला जातो. गंधक, बोर्डो किंवा पाण्यात मिसळणाऱ्या कोणत्याही भुकटीच्या फवारणीनंतर याला माफी नाही. मीटरच्या आधीची जाळीची गाळणी दर टाकीला काढून झटकतो. पाते साफ करायला कॉम्प्रेसरची हवा कधीही वापरू नये. पाते क्षमतेपलीकडे फिरते आणि बेअरिंग तिथेच संपते. रबरी रिंगही पाहून घ्याव्यात, कारण इमल्शन प्रकारच्या औषधांतील द्रावके साध्या रबराला फुगवतात. आम्ही पहिली गळती दिसताच व्हायटॉन या द्रावकांना टिकणाऱ्या रबराच्या रिंग घातल्या.

आणखी एक खोड सांगण्यासारखी आहे. टाकी संपत आली की ढवळणीमुळे आणि भोवऱ्यामुळे हवा ओढली जाते, पाते हवेने जोरात फिरते आणि एकूण लिटरचा आकडा फुगतो. आमच्या 600 लिटरच्या टाकीने दोनदा 610 च्या वर दाखवले. वहीत मी आता डिस्प्लेची बेरीज लिहीत नाही. भरताना मोजलेले लिटर लिहितो आणि डिस्प्ले फक्त चालू प्रवाहासाठी पाहतो. डिस्प्लेची वायर ट्रॅक्टरच्या थरथरीने एकदा घासून तुटली, ती जाड नळीत घालून घेतली. याखेरीज विजेचा काही त्रास झाला नाही.

इलेक्ट्रोमॅग्नेटिक मीटर घ्यावा का, असे बागेत आलेले दोघेतिघे विचारून गेले. त्यात फिरणारा भागच नसतो, त्यामुळे चुना आणि गंधकाचा हा त्रास बराच वाचतो. पाण्यात मिसळलेले औषध विजेला पुरेसे वाहक असल्याने तो चालतोही. पण किंमत बरीच जास्त आहे आणि चार एकरांसाठी मला ती पटत नाही. दहा-बारा एकर असती, किंवा बोर्डोच्या फवारण्या जास्त असत्या, तर मी तोच घेतला असता. ज्यांच्याकडे फवारणी संपल्यावर धुवायला दहा मिनिटेही थांबणारा माणूस नाही, त्यांनी टर्बाइनच्या वाटेला जाऊ नये.

काढणीनंतर पुन्हा काटा आणि ड्रम काढला. त्याच 20 लिटरच्या प्रवाहावर फॅक्टर 288 वरून 283 वर आला आहे, म्हणजे पाते थोडे सुस्तावले आहे; धुऊनही हा फरक गेला नाही, त्याअर्थी बेअरिंग झिजले आहे. नवे बेअरिंग मागवले आहे. एप्रिलच्या खरड छाटणीपूर्वी (काढणीनंतरच्या छाटणीपूर्वी) ते बसवून तीन वेळा मोजायचे आणि येणारा फॅक्टर टूलबॉक्सच्या झाकणावर जुन्या दोन आकड्यांच्या खाली, तारखेसह रंगाने लिहायचा, एवढे काम बाकी आहे.