प्रोजेक्टचं नाव बदललं, आता फाईली आणि फोल्डरचंही बारसं करायचं का?

ओपन सोर्स प्रोजेक्टचं नाव बदलायचं ठरलं की लोगो आणि वेबसाईट दोन दिवसात उरकतं, खरं डोकं खातं ते कमांडचं नाव आणि इन्स्टॉलचं फोल्डर. तुम्ही सध्या याच पेचात असाल तर आधी तीन प्रोजेक्टांनी काय केलं ते बघा, तिघांचे रस्ते अगदी वेगळे आहेत.

लिब्रेऑफिस, म्हणजे वर्ड-एक्सेलसारखी कामं करणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर, त्यांनी पाटी बदलली आणि आतलं सगळं तसंच ठेवलं. 2010 ला ते ओपनऑफिसपासून वेगळे झाले, पण आजही लिब्रेऑफिस चालू असताना टास्क मॅनेजर उघडा, तिथे सॉफिस डॉट बिन दिसतं, आणि त्यातला एस आहे स्टारऑफिसचा, म्हणजे ओपनऑफिसच्या आधीच्या अवताराचा, जो बनवणाऱ्या जर्मन कंपनीला सन नावाच्या कंपनीने 1999 ला विकत घेतलं. मॅक्रो, म्हणजे त्यातल्या छोट्या स्क्रिप्ट, लिहायला गेलात तर नावांची सुरुवात अजून कॉम डॉट सन डॉट स्टार, आणि ती सन स्वतःच 2010 ला ओरॅकलच्या पोटात गेली! नवीन माणसाला हे बघून व्हायरस वाटला तर त्याची चूक नाही. पण कुठल्यातरी सर्व्हरवर सॉफिस हेडलेस, म्हणजे खिडकी न उघडता, चालवून रोज रात्री पीडीएफ बनवणारी जुनी स्क्रिप्ट असते, लिहिणारा कधीच नोकरी सोडून गेलेला असतो, ती नावामुळे बंद पडत नाही हा फायदा मला तरी फार मोठा वाटतो.

वायरशार्क, म्हणजे नेटवर्कवरची ये-जा तपासणारं टूल, त्यांनी उलटं केलं, एका झटक्यात सगळं. 2006 ला मूळ लेखकाने नोकरी बदलली, एथेरियल या जुन्या नावाचा ट्रेडमार्क जुन्या कंपनीकडे राहिला, त्यामुळे चॉईसच नव्हता. एथेरियलचं वायरशार्क झालं, टेथेरियल या त्याच्या कमांडलाईन भावाचं टीशार्क झालं, सेटिंगचं फोल्डरही बदललं. मला वाटतं हे पचलं कारण बहुतेक लोक ते हाताने उघडून वापरतात, मेनूत नवीन आयकॉन दिसला की काम झालं.

आणि मारियाडीबी, म्हणजे मायएसक्यूएल या डेटाबेसमधून फुटून निघालेला डेटाबेस, हे सगळ्यात शिकण्यासारखं. त्यांच्या कमांडची नावं वर्षानुवर्षं मायएसक्यूएलचीच होती. 10.4 मध्ये त्यांनी मारियाडीबी नावाच्या सिमलिंक दिल्या, म्हणजे जुनी फाईल खरी आणि नवीन नाव नुसता बाण, मग 10.5 मध्ये उलटवलं, नवीन नाव खरं आणि जुनं नाव बाण. पुढे 11 च्या मालिकेत जुन्या नावाने हाक मारली की हे नाव जाणार आहे अशी वॉर्निंग यायला लागली, आणि डॉकर, म्हणजे तयार पेटीत बांधून सॉफ्टवेअर चालवायची सोय, त्याच्या अधिकृत इमेजमधून तर जुनी नावं काढूनच टाकली, त्यामुळे बॅकअपसाठी मायएसक्यूएलडम्प लिहिलेल्यांना कमांड सापडेना. एवढं होऊनही लिनक्सवर डेटाचं फोल्डर वार लिब मायएसक्यूएलच राहिलं! कमांड बदलता येते हो, पण लोकांचा डेटा ज्या फोल्डरात पडलाय त्याला हात लावायला जिगर लागते.

मग तुम्ही काय करायचं? ट्रेडमार्कची नोटीस आली असेल तर विचार करत बसू नका, वायरशार्कचा रस्ता. तुमचं सॉफ्टवेअर स्क्रिप्टमधून, क्रॉनमधून म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालत असेल तर मारियाडीबीसारखं दोन-तीन रिलीजमध्ये करा, वॉर्निंग मात्र पहिल्या रिलीजपासूनच द्या. विंडोजवर सिमलिंकला साध्या युजरकडे सहसा परवानगी नसते, तिथे जुन्या नावाची छोटी एक्सई द्यावी लागेल. आणि माणसं कमी, वेळ कमी असेल तर लिब्रेऑफिससारखं आत जुनंच ठेवा, बाहेरून नवीन नावाची कमांड द्या, यात लाज कसली.

नवीन नाव फार साधंसुधं घेऊ नका पण. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडजेएसची कमांड नुसती नोड, आणि डेबियन नावाच्या लिनक्समध्ये हॅम रेडिओवाल्यांचा नोड नावाचा प्रोग्राम आधीपासून बसलेला, त्या भांडणात 2012 ला डेबियनने कमांडचं नाव नोडजेएस केलं आणि नोड शोधणाऱ्या स्क्रिप्टांसाठी वेगळं लेगसी, म्हणजे जुनं नाव चालू ठेवणारं, पॅकेज काढावं लागलं.

फोल्डरबद्दल एकच सांगतो, त्यात व्हर्जनचा आकडा घालू नका. लिब्रेऑफिस 24 च्याही पुढे गेलं तरी युजरची प्रोफाईल अजून 4 नावाच्या फोल्डरात आहे, आणि आता ते बदलायचं म्हणजे प्रत्येकाच्या सेटिंग, डिक्शनऱ्या, टेम्प्लेट सगळं हलवणारा कोड लिहायचा. वायरशार्कने पुढे लिनक्सवर सेटिंगची जागा परत हलवली तेव्हा नवीन फोल्डर नसेल आणि जुनं सापडलं तर तेच वापरायचं अशी सोय ठेवली, तेवढं तुम्हीही पहिल्या रिलीजमध्येच टाकून ठेवा.