‘बंद ऑर्डर’ आणि पाच पद्धती: सॉफ्टवेअर विकासाच्या जीवनचक्र मॉडेल्सचे परीक्षण

सॉफ्टवेअर विकासाचे मॉडेल, म्हणजे काम कोणत्या क्रमाने करायचे याची ठरलेली रीत, ही दुकानात मिळणारी वस्तू नसली, तरी ते निवडताना माणसे वस्तू निवडल्यासारखीच वागतात. शेजारच्या संघाने काय घेतले ते पाहतात, गुणदोषांचा एखादा तक्ता चाळतात आणि ज्याचे नाव सध्या चलनात आहे ते उचलतात. या तक्त्यांत ‘लवचीक’, ‘कडक’, ‘लहान प्रकल्पांस योग्य’ असे शेरे असतात. काम सुरू झाल्यावर आपल्या वाट्याला काय येणार आहे, याचा अंदाज मात्र त्यांवरून येत नाही. म्हणून या परीक्षणात मी प्रत्येक मॉडेलला एकच प्रश्न विचारणार आहे. गैरसमजातून झालेली चूक हे मॉडेल केव्हा उघडकीस आणते, आणि तोवर त्या चुकीवर किती बांधकाम उभे राहिलेले असते?

हा प्रश्न मला गोदामातील मालाचा हिशेब ठेवणाऱ्या एका प्रणालीने शिकवला. प्रकल्प वॉटरफॉल पद्धतीचा होता, म्हणजे आवश्यकता, रचना, कोड, चाचणी हे टप्पे एकापाठोपाठ एक, आधीचा पुरा करून मगच पुढचा. आवश्यकतांचा, म्हणजे प्रणालीने काय करावे हे सांगणारा, दस्तऐवज दीडशेहून अधिक पानांचा होता आणि त्यावर सर्व विभागप्रमुखांच्या सह्या होत्या. त्यातल्या एका पानावर ‘बंद झालेल्या ऑर्डर यादीतून वगळाव्यात’ असे वाक्य होते. गोदामातल्या लोकांच्या लेखी माल फाटकाबाहेर पडला की ऑर्डर बंद होते; हिशेब विभागाच्या लेखी बिलाचे पैसे जमा झाले की ती बंद होते. दोघांनीही त्या वाक्याखाली निःशंकपणे सही केली, कारण दोघांनाही ते बरोबरच वाटत होते. घोळ बाहेर आला तो नवव्या महिन्यात, स्वीकृती चाचणीच्या वेळी, म्हणजे तयार प्रणाली ग्राहक स्वतः तपासून घेतो तेव्हा. तोवर डेटाबेसमध्ये ऑर्डरच्या स्थितीसाठी एकच रकाना केलेला होता आणि त्या रकान्यावर अकरा अहवाल व शिल्लक मालाची सगळी गणिते उभी होती. दुरुस्तीला सहा आठवडे लागले. यात कोणी आळस केला नव्हता, कोणी काही लपवलेही नव्हते.

एवढे सोसूनही मी म्हणेन की वॉटरफॉलवर होणाऱ्या टीकेत थोडा अन्याय आहे. या पद्धतीचे जनकत्व अमेरिकन संगणकतज्ज्ञ विन्स्टन रॉइस यांच्या १९७० सालच्या निबंधाकडे दिले जाते. त्या निबंधात ‘वॉटरफॉल’ हा शब्दच नाही. एकाखाली एक उतरत जाणाऱ्या चौकटींची ती प्रसिद्ध आकृती तेथे आहे, पण ती दाखवल्यावर लगेच रॉइस बजावतात की कल्पना आपल्याला मान्य असली तरी अशा साध्या रूपात ती राबवणे जोखमीचे आहे. त्यांचे कारण आजही तितकेच खरे आहे: वेळ, साठवण, माहितीची ये-जा या गोष्टी तोवर केवळ कागदावर तपासलेल्या असतात, आणि त्यांचा प्रत्यक्ष अनुभव शेवटच्या चाचणीच्या टप्प्यातच येतो. उपाय म्हणून ते प्रणाली दोनदा बांधायला सांगतात. काम ३० महिन्यांचे असेल, तर आधी सुमारे १० महिन्यांत तिचे प्रायोगिक रूप करून पाहावे. ग्राहकाला वेळोवेळी औपचारिकपणे सामील करून घ्यावे, हाही सल्ला तेथेच आहे. पुढे आकृती टिकली आणि इशारा गळून पडला. अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे १९८५ चे सॉफ्टवेअर मानक टप्प्याटप्प्याच्या या रचनेला बळ देणारे ठरले. १९९४ मध्ये त्याची जागा घेणाऱ्या मानकाने मात्र हप्त्याहप्त्याने आणि उत्क्रांत होत जाणाऱ्या विकासालाही वाट करून दिली.

वॉटरफॉल चांगले चालते ते जेथे काय हवे हे खरोखरच आधी ठरलेले असते तेथे. नियमांत लिहिलेली गणिते किंवा जुन्या प्रणालीचे जसेच्या तसे स्थलांतर ही अशी कामे आहेत. तेथे टप्प्यांची शिस्त वेळ वाचवते आणि माणसे बदलली तरी कागद उरतो. अडचण एवढीच आहे की आपले काम याच प्रकारचे आहे असे सुरुवातीला जवळजवळ प्रत्येक ग्राहकाला वाटते.

व्ही-मॉडेलकडे पुष्कळजण वॉटरफॉलचाच वाकवलेला अवतार म्हणून पाहतात. आकृतीपुरते ते खरे आहे. डाव्या बाजूने आवश्यकता, रचना, घटकांचा तपशील असे उतरत जायचे, तळाशी कोड लिहायचा आणि उजव्या बाजूने घटक चाचणी, एकत्रीकरण चाचणी, स्वीकृती चाचणी असे चढत जायचे. फरक आहे तो दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या आडव्या रेषांत, आणि तो मोठा आहे. आवश्यकता लिहिली जाते त्याच वेळी तिची स्वीकृती चाचणीही लिहावी लागते. आमच्या ‘बंद ऑर्डर’ची चाचणी लिहायला कोणी बसले असते, तर ‘माल गेला, पैसे आले नाहीत; यादीत किती ऑर्डर दिसाव्यात?’ हा प्रश्न त्याला पहिल्याच महिन्यात पडला असता. कोडची एक ओळही न लिहिता चूक सापडली असती. अट अशी की चाचण्या खरोखर त्या वेळी लिहिल्या गेल्या पाहिजेत. आकृती व्हीची आणि चाचण्या शेवटच्या पंधरवड्यात, असे प्रकल्प मी पाहिले आहेत.

जर्मनीच्या सरकारी प्रकल्पांसाठी या मॉडेलचे अधिकृत रूप आहे आणि २००५ पासून ते ‘व्ही-मॉडेल एक्सटी’ या नावाने ओळखले जाते. मोटारींच्या इलेक्ट्रॉनिक सुरक्षिततेचे आयएसओ २६२६२ हे मानकही व्हीच्याच आकारात मांडलेले आहे. विमानांतील सॉफ्टवेअरसाठीचा डीओ-१७८सी हा दस्तऐवज कोणतेही एक मॉडेल लादत नाही, परंतु प्रत्येक आवश्यकतेपासून कोडपर्यंत आणि चाचणीपर्यंतचा माग दाखवता आला पाहिजे असे तो सांगतो. त्यात ए ते ई अशा पाच पातळ्या आहेत आणि पातळी जितकी गंभीर तितकी चाचणीची खोली वाढते. चुकीमुळे जीव जाऊ शकतो अशा ठिकाणी हा खर्च योग्यच आहे. अंतर्गत वापराच्या एखाद्या लहान प्रणालीसाठी मात्र व्हीचा कागदी भार कामापेक्षा जड होतो.

स्पायरल मॉडेल हे माझ्या मते या सर्वांतले सर्वांत विचारपूर्वक केलेले आणि सर्वांत कमी वापरले गेलेले मॉडेल आहे. अमेरिकन सॉफ्टवेअर अभियंते बॅरी बोहम यांनी ते १९८६ मध्ये मांडले आणि १९८८ मध्ये त्याचे विस्तृत रूप प्रसिद्ध झाले. केंद्रापासून बाहेर जाणाऱ्या वळणांच्या त्या आकृतीत केंद्रापासूनचे अंतर म्हणजे आजवर झालेला एकूण खर्च. प्रत्येक फेरीत उद्दिष्टे व पर्याय ठरवायचे, जोखीम शोधून ती कमी करायची, मग बांधून तपासायचे आणि पुढच्या फेरीची आखणी करायची. पुढे काय करायचे हे जोखमीवरून ठरते, हा यातला गाभा. सर्वांत मोठा धोका वेगाचा असेल तर आधी वेगाची चाचणी घ्या. पडद्यांबद्दल खात्री नसेल तर आधी नमुना करा. त्या अर्थाने स्पायरल हे इतर मॉडेल्स निवडण्याचे मॉडेल आहे.

उणीवही याच गाभ्यात आहे. जोखीम ओळखणारा माणूस अनुभवी हवा, आणि कामाचा तपशील आधीच बांधून घेणाऱ्या करारात ही पद्धत सहजी बसत नाही. दोन्ही गोष्टी बोहम यांनी स्वतःच मान्य केल्या आहेत. माझ्या प्रश्नावर स्पायरल अडखळते, कारण ‘बंद’ या शब्दाला जोखमीच्या यादीत कोणीही जागा दिली नसती. ज्याबद्दल सर्वांना खात्री असते, ते त्या यादीत येत नाही.

नमुना करून दाखवण्याची पद्धत, म्हणजे प्रोटोटायपिंग, हे स्वतंत्र मॉडेल म्हणून मोजावे की नाही याबद्दल मला शंका आहे. इतर कोणत्याही पद्धतीत ते घालता येते आणि घालावे. धोका एकच आहे. टाकून देण्यासाठी केलेला नमुना ग्राहकाला आवडतो आणि ‘हेच आता चालू करा’ असा आग्रह सुरू होतो. तसे झाले, तर घाईत लिहिलेला तो कोड पुढे कित्येक वर्षे सांभाळावा लागतो.

आता अॅजाइल, म्हणजे छोट्या फेऱ्यांत काम करून ते वारंवार ग्राहकाला दाखवण्याची विचारसरणी. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यातल्या स्नोबर्ड येथे १७ जण जमले आणि त्यांनी ४ मूल्ये व १२ तत्त्वे असलेला जाहीरनामा लिहिला. ही चळवळ काही शून्यातून आली नव्हती; स्क्रम १९९५ मध्येच मांडले गेले होते, आणि एक्सट्रीम प्रोग्रॅमिंग १९९६ पासून क्रायस्लर कंपनीच्या पगारपत्रक प्रकल्पात घडत होते. अॅजाइल हे एक मॉडेल नसून अनेक पद्धतींचे कुटुंब आहे. तरीही ‘आम्ही अॅजाइल आहोत’ असे कोणी म्हटले की बहुतेक वेळा त्याला स्क्रम अभिप्रेत असते.

स्क्रमची नियमावली आश्चर्य वाटावे इतकी छोटी आहे. एक महिना किंवा त्याहून कमी मुदतीचा स्प्रिंट (कामाची एक फेरी), साधारण १० किंवा त्याहून कमी माणसांचा संघ, रोजची १५ मिनिटांची बैठक, स्प्रिंटअखेर झालेल्या कामाचा आढावा आणि कामाच्या रीतीचे सिंहावलोकन. यूजर स्टोरी (वापरकर्त्याच्या शब्दांत लिहिलेली गरज) आणि स्टोरी पॉइंट (कामाच्या आकाराचा अंदाजी आकडा), ज्यांवर संघांचे तासन्तास खर्च होतात, ते या नियमावलीत सांगितलेलेच नाहीत.

माझ्या प्रश्नावर स्क्रमचे उत्तर सर्वांत आकर्षक आहे: दोन आठवड्यांत. पहिल्या आढाव्यातच यादी पडद्यावर दिसली असती, हिशेब विभागाच्या प्रतिनिधीने ‘माझी ऑर्डर कुठे गेली?’ असे विचारले असते आणि तोवर एकही अहवाल बांधलेला नसता. परंतु या उत्तरात एक ‘जर’ दडलेला आहे. जर त्या आढाव्याला हिशेब विभागाचे कोणी आले असते तर. मी अनुभवलेल्या स्क्रममध्ये ग्राहकाच्या वतीने एकच प्रॉडक्ट ओनर बसत असे. तो गोदामाच्या बाजूचा असेल, तर ‘बंद’चा चुकीचा अर्थ दर दोन आठवड्यांनी आनंदाने मंजूर होत राहतो. छोट्या फेऱ्यांमुळे पाहण्याची संधी वारंवार मिळते, एवढेच. पाहणारा माणूस योग्य आहे की नाही, हे फेरीची लांबी ठरवत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे नाव स्क्रमचे आणि आत वॉटरफॉल, हा प्रकार फार बोकाळला आहे. तीन स्प्रिंट विश्लेषणाचे, सहा कोडिंगचे, दोन चाचणीचे, अशी आखणी असेल तर रोज उभ्याने बैठक घेऊन काहीही साधत नाही. स्प्रिंटच्या शेवटी वापरता येईल असे काहीतरी तयार असणे हीच या पद्धतीची खरी किंमत आहे, आणि स्वयंचलित चाचण्यांवर खर्च न करता ती किंमत देता येत नाही. नवे काही घातल्यावर जुने मोडले का, हे दर वेळी हाताने तपासायचे म्हटले तर दहाव्या स्प्रिंटपर्यंत संघाचा निम्मा वेळ त्यातच जातो. या बाबतीत आधी चाचणी लिहिणे, जोडीने कोड लिहिणे, सतत एकत्रीकरण करणे असे सांगणारे एक्सट्रीम प्रोग्रॅमिंग मला स्क्रमपेक्षा अधिक प्रामाणिक वाटते.

कानबानचे मूळ टोयोटाच्या कारखान्यांतल्या कार्डांत आहे. त्यात स्प्रिंट नाही. एकाच वेळी किती कामे हातात असावीत याची मर्यादा आहे. त्यामागचे गणित साधे आहे: हातात १२ कामे असतील आणि आठवड्याला ३ पूर्ण होत असतील, तर एका कामाला सरासरी ४ आठवडे लागतात. वेग तोच ठेवून हातातली कामे ६ केली, की तेच काम २ आठवड्यांत बाहेर पडते. तक्रारी कोणत्याही दिवशी येणाऱ्या देखभालीच्या कामाला याहून योग्य पद्धत मला माहीत नाही. नव्या प्रणालीतला गैरसमज शोधण्याच्या बाबतीत मात्र कानबान गप्प राहते, आणि तसा त्याचा दावाही नाही.

गोदामाच्या त्याच प्रणालीचा दुसरा टप्पा आम्ही दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये केला. एक गोष्ट व्हीकडून उसनी घेतली: प्रत्येक आवश्यकतेची स्वीकृती चाचणी स्प्रिंट सुरू होण्याआधी दोन्ही विभागांच्या माणसांनी एकत्र बसून लिहायची. तिसऱ्या स्प्रिंटआधी ‘परत आलेला माल’ या शब्दावर वाद झाला. खराब म्हणून परत आलेला आणि चुकीच्या पत्त्यावरून परत आलेला माल शिल्लक साठ्यात धरायचा की नाही, यावर दोन्ही विभागांची मते वेगळी होती. वाद मिटायला एक सकाळ लागली.

जुन्या नोंदी नव्या प्रणालीत हलवण्याचे काम मात्र आम्ही स्प्रिंटमध्ये बसवण्याचा प्रयत्न केला नाही. कोणता रकाना कोठे जाणार हे ठरलेले होते आणि जुनी प्रणाली एकाच रात्री बंद व्हायची होती. त्याचा आराखडा आधी पूर्ण लिहिला, तपासला, सह्या घेतल्या, दोनदा रंगीत तालीम केली आणि मग ते काम शुद्ध वॉटरफॉलने, ठरल्या वेळेआधी वीस मिनिटे, पुरे केले.