आर्टिस्ट व्हिलेज, सीबीडी बेलापूर: मूळ घर छान, वाढवलेलं तपासून घ्या

नवी मुंबईत, सीबीडी बेलापूरच्या सेक्टर ८ बी मधली ही वसाहत वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी (नवी मुंबई वसवणारी सरकारी संस्था) आखली; काम १९८३ ते ८६ मधलं, सुमारे ५५० कुटुंबांसाठी. प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे साधारण ४८५ ते ८०५ चौरस फूट. नुसता आकडा पाहिला तर यातला लहान प्लॉट खारघरच्या वन बीएचकेएवढाच. पण इथे सात घरांना मिळून ८ बाय ८ मीटरचा चौक आहे आणि अशा तीन गटांना मिळून १२ बाय १२ चा. पोरं ओट्यावरून हाक मारली की ऐकू येतील इतक्या अंतरावर खेळतात, आजी-आजोबा लिफ्टविना दारात येऊन बसतात. टॉवरच्या पोडियम गार्डनला हे जमत नाही, मेंटेनन्स कितीही भरा.

प्रत्येक घर सुटं, शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही. पैसे जमतील तसं ज्याने त्याने वाढवावं, हा हेतू. घोळ इथूनच सुरू होतो. अनेकांनी अंगणावर पत्रा किंवा स्लॅब टाकून खोली काढली. मग मधल्या खोलीचा उजेड आणि वारा दोन्ही जातात, दिवसा ट्यूब लागते, पावसाळ्यात कपाटामागे बुरशी धरते. बघायला जाल तेव्हा दुपारी सगळे दिवे बंद करा आणि मधल्या खोलीत पेपर वाचता येतो का बघा. दमट हवेत खिडकी-झरोके मिळून खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश हवेत: १०० चौरस फुटांना साडेसोळा. चार बाय चार फुटांची स्लायडिंग खिडकी विक्रेता सोळा म्हणून सांगेल. उघडते निम्मीच, म्हणजे वाऱ्याला आठ.

वरच्या मजल्याचे जिने बघा. जागा वाचवायला अनेकदा उभी लोखंडी शिडीच लावलेली असते. पायरी साडेसात इंचांहून उंच किंवा पाऊल ठेवायला दहा इंचांहून कमी असेल, तर गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी तो मजला नाहीच. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा गेल्या असतील तर जुन्या विटकामावर नवा भार आल्याची शंका घ्या, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय टोकन देऊ नका. मूळ आखणीत पाइप वाचावेत म्हणून शेजारच्या दोन घरांचे संडास जोडीने आहेत. सांडपाण्याचं चेंबर कुठे आहे आणि कोणी त्यावर लादी बसवली आहे का, हे विचाराच. तुंबलं तर पाणी तुमच्याकडेही येऊ शकतं.

पार्किंग हा रडका विषय. आठ मीटरच्या, म्हणजे २६ फुटांच्या चौकात चार गाड्या उभ्या राहिल्या की खेळ संपला.

जमीन सहसा सिडकोच्या भाडेपट्ट्यावर असते, त्यामुळे हस्तांतरणाची परवानगी आणि शुल्क हिशेबात धरा. वाढवलेल्या प्रत्येक मजल्याचा मंजूर नकाशा मागा. ‘सगळ्यांनीच असं केलंय’ हे उत्तर मिळालं तर किंमत मूळ घराचीच लावा.