झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो का? लिनक्सवर काही महिने काढल्यावर

बाकी सगळं सुरळीत आहे, रडगाणं फक्त झाकणाचं. मिटून बॅगेत टाकलेला लॅपटॉप बाहेर काढावा तर तापलेला आणि बॅटरी तळाला. आता ते बरंचसं मार्गी लागलंय.

पहिला सल्ला हमखास मिळतो तो म्हणजे लॉगिनडीच्या (लॉगिन, झाकण, पॉवर बटण सांभाळणारा लिनक्सचा प्रोग्रॅम) कॉन्फिग फाइलमध्ये 'हँडल लिड स्विच'पुढे 'सस्पेंड' (म्हणजे झोप) लिहा. पण डिफॉल्ट तेच आहे. ओळीआधी हॅश (#) दिसतो म्हणून ती सोय बंद आहे असं नाही, ती ओळ फक्त डिफॉल्ट काय आहे ते दाखवते. त्यापेक्षा टर्मिनलमध्ये 'सिस्टमडी-इनहिबिट' ही कमांड 'लिस्ट' जोडून चालवा. झाकणाचा इशारा कुणी अडवून धरलाय ते नावानिशी कळतं. माझ्याकडे डेस्कटॉपचाच पॉवर मॅनेजर निघाला, म्हणजे लॉगिनडीत कितीही खाडाखोड केली तरी उपयोग शून्य. सेटिंग डेस्कटॉपमध्येच बदलावं लागलं.

बाहेरचा मॉनिटर जोडलेला असेल, तर लॉगिनडी मशीन डॉकवर (टेबलावरच्या जोडणी-स्टँडवर) आहे असं धरतो आणि झाकणाकडे बघतही नाही. सुरू झाल्यावर किंवा झोपेतून उठल्यावर साधारण ३० सेकंदही तो असाच गप्प असतो. त्यामुळे 'उघड-मीट' करून घाईघाईत घेतलेल्या चाचणीवर विसंबू नका.

खरी मेख पुढे आहे. सिस्टमच्या 'सिस' फोल्डरखालच्या 'पॉवर' फोल्डरमधली 'मेम-स्लीप' फाइल वाचा. चौकटी कंस 'एस-टू-आयडल'भोवती असेल, तर मशीन नुसतं डुलकी घेतंय. 'डीप'भोवती असेल तर रॅम सोडून जवळपास सगळं बंद होतं. 'डीप'चा पर्याय दिसत असेल तर कर्नल पॅरामीटर (लिनक्सच्या गाभ्याला सुरू होतानाच द्यायची सूचना) देऊन तो कायमचा करता येतो. बऱ्याच नव्या लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये (मशीनमध्येच बसवलेल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) मात्र तो नसतोच, माझ्यातही नाही. तिथे हात टेकायचे.

मग उरतो प्रश्न, झोपमोड कोण करतंय? 'प्रॉक'मधल्या 'एसीपीआय'खालची 'वेकअप' फाइल उघडली, तर यूएसबी कंट्रोलरपुढे 'एनेबल्ड' दिसलं. त्याचं नाव त्याच फाइलमध्ये लिहिलं की तो बंद होतो (पुन्हा लिहिलं तर परत चालू, हे ध्यानात ठेवा). रीबूटनंतर हे पुसलं जातं, म्हणून सुरू होताना हे आपोआप करणारी एक छोटी सर्व्हिस करून ठेवली. आता माऊस हलवून लॅपटॉप उठत नाही, पण बॅगेत गरमही होत नाही.

रात्रभरात बॅटरी थोडी उतरतेच. त्यावर 'सस्पेंड-देन-हायबरनेट' (आधी झोप, मग रॅममधलं सगळं डिस्कवर उतरवून पूर्ण बंद) चांगला उपाय आहे, पण त्याला पुरेशी स्वॅप (रॅमसाठी डिस्कवर राखलेली जागा) लागते आणि सिक्युअर बूट (फक्त सही केलेलं सॉफ्टवेअरच सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर कर्नल बहुतेक वेळा हायबरनेट करूच देत नाही. सिक्युअर बूट बंद करायची माझी तयारी नाही, म्हणून लांबच्या प्रवासाआधी सरळ शटडाऊन करतो.