चार इंची अँगल ग्राइंडर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आठ महिन्यांपूर्वी घेतलेला १०० मिलिमीटर चकतीचा अँगल ग्राइंडर माझ्याकडे आठवड्यातून तीन-चार दिवस तरी चालतो. गज कापणे, वेल्डिंगचे उंचवटे घासणे आणि गंज काढणे ही त्याची नेहमीची कामे. ताकदीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती स्विचबद्दल, आणि ती लक्षात यायला मला तीन महिने लागले.

हा सरकता स्विच पुढे नेऊन दाबला की तिथेच अडकून राहतो. सलग घासकाम करताना बोटे अवघडत नाहीत, म्हणून सुरुवातीला मला ती सोयच वाटली होती. एकदा लोखंडी पट्टी कापत असताना वीज गेली, चकती फिरायची थांबली आणि मी यंत्र बाकावर आडवे ठेवून दुसऱ्या कामाला लागलो. थांबलेल्या यंत्राचा स्विच मागे ओढायचा असतो हे सुचलेच नाही. थोड्या वेळाने वीज आली, तसा ग्राइंडर आपोआप सुरू झाला, बाकावरून उसळला, फळीच्या कडेला खोल खाच पाडून खाली पडला आणि ताण बसून पिन निघाली तेव्हा कुठे शांत झाला. त्या वेळी माझा हात बाकावर नव्हता, एवढेच. तेव्हापासून वीज गेली की आधी स्विच मागे आणि मग पिन बाहेर, हा क्रम मी मोडलेला नाही. आज नवे यंत्र घ्यायचे झाले तर पकड सैल होताच बंद होणारा पॅडल स्विच असलेलेच घेईन, मग त्यासाठी थोडे जास्त पैसे मोजावे लागले तरी चालतील.

चकतीच्या बाबतीतही मी पुढे सावध झालो. हे यंत्र रिकामे फिरताना मिनिटाला ११,००० फेरे घेते, म्हणजे चकतीच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर जातो. त्यामुळे चकतीवर छापलेली फेऱ्यांची मर्यादा यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा जास्त आहे ना, हे मी प्रत्येक वेळी पाहतो. माझ्याकडच्या चकत्यांवर ती १५,३०० आहे. मधल्या धातूच्या कड्यावर बारीक अक्षरांत मुदतीची तारीख असते, तिच्याकडे मात्र मी कित्येक वर्षे पाहिलेच नव्हते. कापायच्या पातळ चकतीच्या बाजूने घासण्याचा मोह अजूनही होतो, पण आडव्या दाबाने ती तडकू शकते. नवी चकती बसवल्यावर तिच्या रेषेतून बाजूला उभे राहून अर्धा-एक मिनिट ती रिकामी फिरवावी. गार्ड म्हणजे चकतीवरचे संरक्षक आवरण काढले की अडचणीच्या कोपऱ्यात हात पोचतो हे खरे, तरीही मी ते काढत नाही.

पाचव्या महिन्यात हवेच्या झरोक्यांतून नेहमीपेक्षा मोठ्या निळसर ठिणग्या दिसू लागल्या आणि यंत्र मध्येच आचके देऊ लागले. पिन काढून मागचे झाकण उघडले, तर एक कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारा कार्बनचा तुकडा) इतका झिजला होता की स्प्रिंग जेमतेम टेकत होती. दुसरा बराच शिल्लक होता, पण कार्बन जोडीनेच बदलायचे असतात, नाहीतर दाब असमान पडतो. नवे बसवण्यापूर्वी कम्युटेटर, म्हणजे ब्रश ज्यावर टेकतात तो फिरता तांब्याचा भाग, कोरड्या फडक्याने पुसला आणि नंतर काही मिनिटे यंत्र भाराविना फिरवले. खरे आश्चर्य वाटले ते आत साठलेल्या राखाडी भुकटीचे. दुहेरी विद्युतरोधन असल्यामुळे या यंत्राला अर्थिंगची तिसरी पिन नसते, आणि लोखंडाची ही भुकटी तर वीज वाहून नेते, म्हणजे शॉकचा धोका. म्हणून आता दर पंधरवड्याला पिन काढून, चष्मा लावून, झरोक्यांत कोरड्या हवेचा झोत मारतो.

एक्स्टेंशनची रीळ गुंडाळलेली ठेवून जड काम केल्यास आतली वायर तापते, तेव्हा ती पूर्ण उलगडावी. सैल बाह्यांचा सदरा तर नकोच.

सध्या गिअरच्या डोक्याकडून बारीक खरखर ऐकू येते आणि तो भाग पूर्वीपेक्षा लवकर तापतो. बहुधा ग्रीस संपत आले असावे. या आठवड्यात तो भाग उघडून पाहणार आहे आणि तोवर जाड गज हातकरवतीनेच कापतो आहे.