खिडकीला मॅग्नेटचा सेन्सर की काच फुटल्याचा आवाज ओळखणारा?

तळमजल्यावरच्या फ्लॅटला सरकत्या खिडक्या असतील, तर माझं मत सरळ मॅग्नेटच्या सेन्सरला. एक तुकडा चौकटीवर, दुसरा सरकत्या पल्ल्यावर. पल्ला सरकला की आतला रीड स्विच (मॅग्नेट जवळ असेपर्यंत जोडलेला राहणारा छोटा स्विच) सुटतो आणि अलार्म वाजतो. दोन तुकड्यांत साधारण एक-दीड सेंटीमीटरपेक्षा जास्त फट नको. अॅल्युमिनियमची चौकट चालते, जुन्या लोखंडी चौकटीवर मात्र मॅग्नेटचा जोर कमी पडतो. चिकटपट्टी लावण्याआधी चौकट स्पिरिटने पुसून घ्या, नाहीतर पावसाळ्यात सेन्सर खाली पडलेला सापडेल. थोडी हवा यावी म्हणून खिडकी किलकिली ठेवायची सवय असेल, तर दुसरा मॅग्नेट त्या जागी लावता येतो.

याची उणीव एकच, पण मोठी: काच फोडून कोणी आत शिरलं आणि पल्ला हललाच नाही, तर हा गप्प.

तिथे आवाजावर चालणारा सेन्सर कामाचा. एकच यंत्र एका खोलीतल्या सगळ्या खिडक्या सांभाळतं. पण जाड पडद्यांमागे त्याला नीट ऐकू येत नाही, आणि स्वयंपाकघरात भांडं आदळलं तरी काही स्वस्त मॉडेल बोंबलतात. उघडी राहिलेली खिडकी तर त्याला कळतच नाही. बाहेर लोखंडी ग्रिल असेल तर हा खर्च मी टाळेन. हॉलला मोठी बंदिस्त काच असेल तर तिथेच लावेन.