गाणी सुचवणारं ॲप नऊ महिने वापरून: त्याला काय ऐकू येतं, काय येत नाही

नऊ महिन्यांपूर्वी गाण्यांच्या एका ॲपचं सशुल्क खातं घेतलं, तेव्हाच ठरवलं होतं की आता गाणी शोधत बसायचं नाही, ॲप सुचवेल तीच ऐकायची. आवडलं तर हृदयाच्या खुणेवर बोट, नाही आवडलं तर पुढचं गाणं. सकाळी धावताना पाऊण तास, काम करताना दोन-तीन तास आणि रात्री झोपण्यापूर्वी थोडा वेळ, असं माझं रोजचं ऐकणं आहे. लहानपणी काही वर्षं गाणं शिकले, त्यामुळे घरात पेटी आहे आणि कानाला थोडी सवयही आहे. ॲपचं नाव लिहीत नाही, कारण खाली जे आहे ते बहुतेक सगळ्याच सेवांना कमी-अधिक लागू पडतं.

पहिले काही आठवडे मी खरोखर हरखून गेले होते. दुसऱ्या महिन्यात मात्र एका सकाळी धावता धावता पाय अडखळले. ॲपनेच तयार केलेली यादी लावली होती, मिनिटाला १५० ते १६० ठोके असलेल्या गाण्यांची. माझी पावलं साधारण त्याच गतीत पडतात. चार गाणी छान गेली आणि पाचवं सुरू झालं ते एकटा पियानो आणि खालच्या पट्टीतला बाईचा आवाज. इतकं संथ, इतकं जड, की मी धावायची थांबले आणि चालायलाच लागले. घरी आल्यावर घड्याळ समोर ठेवून मिनिटभर टाळी दिली. ७७ ठोके भरले. ॲप त्या गाण्यासमोर आकडा दाखवत होतं १५४.

बरोबर दुप्पट! हा आकडा बघितल्यावर मला या विषयाचा नाद लागला.

संगणकाच्या दृष्टीने गाणं म्हणजे आकड्यांची लांबलचक रांग. सीडीच्या दर्जाचं ध्वनिमुद्रण असेल तर सेकंदाला ४४,१०० आकडे. या रांगेचे अगदी बारीक तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्यात कुठल्या कंपनसंख्येला किती जोर आहे ते काढतात. त्याचं चित्र काढलं की स्पेक्ट्रोग्राम होतो. आडवा वेळ, खालून वर खर्जापासून तारसप्तकाकडे जाणारे स्वर आणि जिथे जोर जास्त तिथे रंग गडद. जिथे जोर अचानक उसळी घेतो तिथे काहीतरी वाजलं, असं धरलं जातं. मग या उसळ्या किती अंतराने परत येतात ते बघून ठोक्यांची गती ठरते. माझ्या त्या गाण्यात पियानोचा डावा हात दर दोन ठोक्यांच्या मध्ये हलकेच एक सूर वाजवतो. उसळ्या मोजल्या तर १५४ अगदी बरोबर बसतात. गाणं शिकलेल्या कुणालाही यातली गोम चटकन कळेल: टाळी बरोबरीत द्यायची की दुगुनीत, एवढाच प्रश्न आहे. पण सकाळी सहा वाजता पळणाऱ्या माणसाच्या पायांना त्या उत्तराने फार फरक पडतो.

गती हा यातला सगळ्यात साधा आकडा. ट्रिस्टन जेहान आणि ब्रायन व्हिटमन या अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमधल्या दोघांनी २००५ साली इको नेस्ट नावाची कंपनी काढली आणि २०१४ मध्ये स्पॉटिफायने ती विकत घेतली. तिच्या कामातून गाण्यांचे जे गुण प्रसिद्ध झाले त्यांची नावं आता बऱ्याच जणांना पाठ असतात: डान्सेबिलिटी (नाचायला किती सोयीचं), एनर्जी (किती जोमदार), ॲकूस्टिकनेस (विजेशिवाय वाजणाऱ्या वाद्यांचं असण्याची शक्यता), इन्स्ट्रुमेंटलनेस (गायनाशिवाय नुसतं वाद्यांचं असण्याची शक्यता) आणि व्हॅलन्स. प्रत्येकाला शून्य ते एक यांच्यामध्ये कुठेतरी एक गुणांक. यातलं व्हॅलन्स म्हणजे गाणं ऐकायला किती प्रसन्न वाटतं याचा अंदाज. आकडा एकच्या जवळ गेला की आनंदी, शून्याजवळ आला की उदास. हा अंदाज ध्वनीवरून बांधलेला असतो. शब्दांत कुणी कायमचा निरोप घेत असेल, पण ठेका उड्या मारणारा आणि गिटार चमकदार असेल, तर गाणं आनंदी ठरू शकतं. माझ्या ‘उत्साही सकाळ’ यादीत अशी तीन गाणी निघाली. भाषा समजत नसती तर मीही त्यांना आनंदीच म्हटलं असतं, त्यामुळे या चुकीबद्दल माझ्या मनात फारसा राग नाही.

स्वरांच्या बाबतीत मात्र मला जास्त खटकलं. पट्टी ओळखताना अशा पद्धती बारा स्वरांपैकी कुठल्याला किती वजन आहे ते बघतात आणि गाणं पाश्चात्त्य संगीतातल्या मेजर (ढोबळमानाने सगळे शुद्ध स्वर) किंवा मायनर (गंधार, धैवत, निषाद कोमल) यांपैकी एका खान्यात टाकतात. खाने दोनच. आता भैरव घ्या. रिषभ-धैवत कोमल, गंधार-निषाद शुद्ध. तो यातल्या कुठल्या खान्यात नीट बसणार? मी पेटीवर वाजवून बघितलं. गंधार म्हणतो मेजर, धैवत म्हणतो मायनर. शिवाय अख्ख्या ध्वनिमुद्रणाला गतीचा एकच ढोबळ आकडा मिळतो. वीस मिनिटांचं गायन विलंबितात सुरू होऊन द्रुतात संपत असेल, तर त्या एका आकड्याला काय अर्थ उरतो? मींड, श्वास, समेवर येण्याआधीची ती क्षणभराची ओढ, हे तर लांबच राहिलं. अशा संगीताच्या बाबतीत ॲपने मला नऊ महिन्यांत जवळजवळ काहीच नवं दिलं नाही. दिली ती त्याच चार मोठ्या कलाकारांची तीच ध्वनिमुद्रणं.

हे मोजमाप माणसांनीही केलेलं आहे आणि त्याबद्दल मला फार आदर वाटतो. पँडोरा या अमेरिकेतल्या इंटरनेट रेडिओच्या मागे असलेला म्युझिक जीनोम प्रोजेक्ट २००० साली सुरू झाला. संगीताचं शिक्षण घेतलेली माणसं एकेक गाणं कान देऊन ऐकायची आणि जवळजवळ साडेचारशे गुणांवर त्याची नोंद करायची. आवाजाचा पोत, ठेक्याचा प्रकार, सुरावटीची रचना. एका गाण्याला वीस-वीस मिनिटं आणि कधी त्याहून जास्त. रोज येणाऱ्या गाण्यांच्या लोंढ्याला हा वेग पुरणं शक्य नाही, हे उघडच आहे.

सुचवण्याचा दुसरा रस्ता गाणं न ऐकताच जातो. २००२ मध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठात शिकणाऱ्या रिचर्ड जोन्सने ऑडिओस्क्रॉबलर नावाचा प्रकल्प केला, तोच पुढे लास्ट एफएम या संगीताच्या संकेतस्थळात मिसळला. तुमच्या संगणकावर काय वाजतंय याची नोंद ठेवायची आणि ती इतरांच्या नोंदींशी ताडून बघायची. तुम्हाला आणि मला वीस गाणी सारखी आवडत असतील, तर तुमचं एकविसावं मला सुचवायचं. आज याचंच गणित प्रचंड तक्त्यांवर चालतं, ऐकणारे एका बाजूला आणि गाणी दुसऱ्या बाजूला. लोकांनी बनवलेल्या प्लेलिस्टही वाचल्या जातात. कुठलं गाणं कुठल्या गाण्याच्या शेजारी ठेवलंय, यावरून त्यांचं नातं काढलं जातं, जसा शेजारच्या शब्दांवरून एखाद्या शब्दाचा अर्थ लागावा.

माझ्या अनुभवात ॲपच्या दहापैकी आठ शिफारशी या दुसऱ्या रस्त्याने आल्या असाव्यात. त्या चांगल्या असतात, पण त्यात एक खोट आहे. ज्या गाण्याला अजून कुणी श्रोताच मिळालेला नाही, ते तक्त्यात येणार कसं? या अडचणीवर २०१३ साली आरॉन व्हॅन डेन ऊर्ड, सँडर डीलमन आणि बेंजामिन श्रावेन यांनी एक सुंदर तोड मांडली. स्पेक्ट्रोग्राम बघायला शिकवलेलं एक न्यूरल नेटवर्क नुसत्या ध्वनीवरून अंदाज बांधतं, की लोकांनी हे ऐकलं असतं तर ते कुठल्या गाण्यांच्या पंगतीला बसलं असतं.

पाचव्या महिन्यात मला वाटतं या रस्त्याचा एक नमुना माझ्या वाट्याला आला. काम करताना चेलो आणि एक पुरुषी आवाज कानावर पडला. सुरुवातीला गायक श्वास घेतो तो स्पष्ट ऐकू येतो, मग चेलो एक लांब सूर धरून ठेवतो आणि आवाज त्या सुराच्या किंचित खालून उचलत वर येतो, जणू अंधारात जिन्याचा कठडा चाचपतोय. मी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि ते तीनदा ऐकलं. मग गाण्याखालचा आकडा बघितला: हजारापेक्षाही कमी वेळा वाजलेलं. इतक्या थोड्या लोकांच्या सवयींवरून ते माझ्यापर्यंत येणं मला कठीण वाटतं. ते ध्वनीवरून आलं असणार, असं मी तरी मानते. त्या एका गाण्यासाठी मी ॲपला बरंच काही माफ केलंय.

माफ करायला अवघड गेलेली गोष्ट रात्रीची आहे. सहाव्या महिन्यात मी आजारी होते आणि चार-पाच रात्री पावसाच्या आवाजावर हलका पियानो असं काहीतरी लावून झोपले. ते पहाटेपर्यंत वाजत राहिलं. गाणं साधारण ३० सेकंद वाजलं की बऱ्याच सेवा ते ऐकलं असं मोजतात, आणि मध्येच न बदललेलं गाणं आवडलं असंच समजायला वाव राहतो. मी गाढ झोपेत होते, पण ॲपच्या लेखी मी रात्रभर एकही गाणं न बदलता मन लावून ऐकत होते. पुढचे तीन आठवडे माझ्या सगळ्या याद्या पावसात भिजलेल्या होत्या, धावण्याचीसुद्धा! मदतकेंद्राला लिहिलं तर ठरावीक साच्यातलं उत्तर आलं. इतका मोठा बिघाड असा एका बाजूने, मला न विचारता व्हावा, याचं मला वाईट वाटलं.

त्यावर मी दोन उपाय केले आणि दोन्ही उपयोगी पडले. रात्री झोपेचा टायमर लावते, आणि ‘ही यादी माझ्या आवडीत धरू नका’ अशी जी सोय असते ती वापरते. तुमच्या ॲपमध्ये ती सेटिंगमध्ये किंवा यादीच्या तीन टिंबांखाली सापडेल. दुसऱ्या कुणाला फोन देताना खासगी सत्र सुरू करा, हेही कळकळीने सांगते.

सातव्या महिन्यात दुसरीच तक्रार सुरू झाली, तीच तीच चाळीसेक गाणी फिरून फिरून येऊ लागली. मी आवडलं म्हणायचे, ॲप तसंच आणखी द्यायचं आणि वर्तुळ आवळत जायचं. तेव्हा मी पहिल्या दिवशीचा नियम मोडला. आठवडाभर स्वतः शोधून ऐकलं, कधी नुसत्या वाद्याच्या नावावरून, कधी एखाद्या गाण्यातला वादक कोण ते बघून त्याची बाकीची कामं. दहा-बारा दिवसांत शिफारशी पुन्हा मोकळ्या झाल्या.

खातं मी पुढेही ठेवणार आहे. नव्याने घेणाऱ्यांनी पहिला महिना बोट जपून चालवावं, कारण प्रत्येक वेळी गाणं पुढे ढकलणं हे तिथे मत म्हणून नोंदलं जातं. शास्त्रीय संगीतासाठी याच्या भरवशावर अजिबात राहू नये.

ते ७७ ठोक्यांचं गाणं मी काढून टाकलं नाही. ‘धावून झाल्यावर’ अशी माझी वेगळी यादी केली, त्यात ते पहिलं ठेवलं आणि त्याच्या जोडीला माझ्या कानाने निवडलेली अकरा संथ गाणी. सुरुवातीला ॲप त्या यादीखाली जलद गाणीच सुचवत राहिलं. तीन-चार आठवड्यांनी सूचना बदलायला लागल्या. गाण्यासमोरचा आकडा अजूनही १५४ आहे. काल पळून झाल्यावर चालता चालता त्या यादीखाली सुचवलेली पाच गाणी लावली आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत चार मोजली: ७०, ७४, ७२, ७८. पाचवं मोजायचं राहिलं. ते सुरू झालं तेव्हा मी दाराशी पोचले होते, आणि संपेपर्यंत किल्ली हातात धरून तिथेच उभी राहिले.